मे महिन्यातलं घर

प्लॉट बघायला लोक दिवाळीनंतर निघतात. तेव्हा आपल्या खान्देशाइतका सुखाचा मुलूख नाही, सकाळी थंडी, दुपारी अंगाला बरं वाटणारं ऊन, शेताशेतात भरिताच्या पार्ट्या, आणि अशा हवेत कुठलंही घर चांगलंच दिसतं. गुळगुळीत टाइल्स, पुढून काच लावलेलं एलेव्हेशन, किचनला काळ्या ग्रॅनाइटचा ओटा, बघणारा खूश आणि टोकन देऊन मोकळा. माझं म्हणणं असं की जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, शिरपूर, कुठंही घर घ्यायचं असेल तर ते मे महिन्यात दुपारी चारला बघा, जमलं तर लाईट गेलेली असताना. पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावा. वरच्या मजल्यावरच्या खोलीत दहा मिनिटं नुसतं बसा. आणि मग किंमत विचारा.

हे मी एवढं ठामपणे सांगते कारण मी शिक्षिका आहे आणि शाळेला सुट्टी नेमकी उन्हाळ्यात असते, म्हणजे वर्षातले सगळ्यात तापलेले दिवस मी पूर्ण घरात काढते. घराचा हिशोब मांडला जातो तो सकाळी दहाला बाहेर पडून संध्याकाळी सातला परत येणाऱ्या माणसाचा. ऑफिसात एसी, दुकानात कूलर, घरी आला तोवर ऊन उतरलेलं. पण दुपारी घरात असतं कोण? म्हातारी माणसं, तान्ही लेकरं, बाळंतीण, आजारी माणूस आणि गॅसपुढं उभी असलेली बाई. नकाशा काढताना यांच्यातल्या कुणाला कुणी विचारलंय असं मी आजवर पाहिलेलं नाही. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, एप्रिलचा शेवट नाहीतर मे, घरात पोरंसोरं मिळून दहा-बारा माणसं, खापरावरच्या पोळ्या चालू, रसाची पातेली भरलेली, घर खरं कसं बांधलंय ते त्या चार दिवसांत कळतं. सगळी माणसं एकाच खोलीत गर्दी करून बसलेली असतील आणि बाकी खोल्या रिकाम्या असतील तर समजायचं की बाकीच्या खोल्यांचे पैसे दिले पण त्या वापरता येत नाहीत.

खान्देश काही वाळवंट नाही हे मलाही माहीत आहे. जळगावला वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, धुळ्याला त्याहून कमी, तापीकाठी तर केळीच्या बागा डोळ्यांत मावत नाहीत. पण मार्चअखेरपासून मृगापर्यंत इथली हवा वाळवंटाचीच असते, कोरडी, ओठ फुटणारी, पारा ४५ च्या वर गेला तर भुसावळला कुणी चर्चासुद्धा करत नाही. माझा भाचा राजस्थानात फलोदीजवळ, भडल्याच्या सोलर पार्कमध्ये कामाला आहे. १९ मे २०१६ ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं ते हेच फलोदी. तो सुट्टीत आला की म्हणतो, मावशी, दुपार मला तिथं आणि इथं सारखीच वाटते, फक्त तिथली जुनी घरं वेगळी आहेत.

हे त्याचं बोलणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. नंतर आम्ही जैसलमेरला गेलो तेव्हा मी किल्ला कमी आणि गल्ल्या जास्त बघितल्या. घरं एकमेकांना चिकटलेली, गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घराची सावली या भिंतीवर आणि या घराची त्या भिंतीवर. पिवळ्या दगडाच्या जाड भिंती, पुढं आलेले झरोके, त्यांना दगडी जाळ्या, मधे चौक. खिडकीतून वारा येतो, ऊन येत नाही. आणि आपल्याकडच्या नव्या कॉलन्यांमध्ये प्रत्येक घर उन्हात एकटं उभं, चारी बाजूंनी तापणारं. सामासिक अंतर, म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा, नियमानं सोडावंच लागतं, ते बरोबरच आहे, पण त्या सोडलेल्या जागेत आपण काय करतो, तर पेव्हर ब्लॉक बसवतो. झाड नको कारण पानं पडतात, कडुनिंब नको कारण मुळं पायात जातील. मुळांची भीती खरी असेल तर भिंतीपासून पंधरा फुटांवर लावा, कंपाउंडबाहेर लावा, पण पश्चिमेला एक तरी झाड पाहिजेच.

आता तिथलं सगळं उचलून इथं आणता येईल असंही नाही. त्यांना पाऊस आपल्या चौथ्या हिश्श्याएवढा, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. आपल्या घराला दोन्ही सोसायचंय, तीन महिने वाळवंट आणि तीन महिने पाऊस, आणि म्हणून आपलं काम मला त्यांच्यापेक्षा अवघड वाटतं.

आपल्या मागच्या पिढ्यांनी ते सोडवलं होतं, त्यांच्या परीनं. माझं आजोळ अमळनेर तालुक्यातलं, तिथं मामाचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर होतं. दीड-दोन फूट जाडीच्या मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि त्यावर जवळजवळ फूटभर मातीचा थर. खिडक्या लहान आणि उंचावर. पुढं ओटा, मग ओसरी, मग माजघर, असं आत आत जावं तसा अंधार आणि गारवा वाढत जायचा. बाहेर लू चालू असली तरी माजघरात आजी गोधडीवर शांत झोपलेली असायची. पुढं तिला आमच्या स्लॅबच्या घरी आणलं तेव्हा ती दर उन्हाळ्यात एकच सांगायची, "स्लॅबना घरमा माले दुफारले नींद येत नही." आम्ही फॅन मोठा करायचो. छताची तापलेली हवा फॅन खाली ढकलायचा, दुसरं काही होत नव्हतं.

जाड मातीची भिंत ऊन आत यायला इतका वेळ लावते की ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते आणि तोवर माणसं बाहेर ओट्यावर नाहीतर धाब्यावर झोपायला गेलेली असतात. घर आणि माणसाची दिनचर्या एकमेकांना जुळलेली होती. काँक्रीटचा पाच इंची स्लॅब दिवसभर उष्णता पितो आणि संध्याकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत ती खाली सोडत बसतो, आणि नेमकं त्याच वेळी आपण त्याच्याखाली जेवायला आणि झोपायला येतो. जळगावात रात्री अकराला बाहेर वारा गार लागतो आणि खोलीत छताखाली उभं राहिलं तर डोक्याला चटका जाणवतो, हे इथल्या प्रत्येकानं अनुभवलंय.

धाब्याचं घर परत बांधा असं मी म्हणणार नाही, कारण त्या घराची मेहनत मी डोळ्यांनी बघितलीय. दर वर्षी पावसाआधी गावाच्या पांढरीतून माती आणून धाब्यावर टाकायची, तुडवायची, उतार नीट करायचा, पन्हाळी साफ करायच्या. तरी श्रावणात एखाद्या रात्री घरभर पातेली मांडायची वेळ यायचीच. लाकडाला वाळवी. जास्तीच्या पावसात भिंत बसल्याच्या बातम्या आजही ऐकू येतात आणि त्यात माणसं दबतात. मामानं शेवटी घर पाडून स्लॅब टाकला आणि मामीला त्यात खरंच सुख वाटलं, सारवण गेलं, गळती गेली, उंदीर गेले. तिला कुणी जुन्याचे गोडवे सांगू नयेत. पण सारवण आणि गळती घालवताना गारवासुद्धा घालवलाच पाहिजे असा काही नियम नव्हता ना.

पांढरीवरून आठवलं. आपल्याकडे गावाची जागा म्हणजे पांढरी आणि शेतीची जागा म्हणजे काळी, ही वाटणी जुन्या लोकांनी काही उगाच केलेली नव्हती. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, भेगा इतक्या पडतात की त्यात हात जातो. आज शहराबाहेरचे सगळे लेआउट कापसाच्या, केळीच्या काळ्या शेतात पडलेत, तिथं स्वस्तातला उथळ पाया घेतला की तीन-चार पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते, फरशी पोकळ वाजायला लागते, कंपाउंड कलतं. म्हणून प्लॉट बघताना शेजारच्या बांधकामाचा खड्डा बघायचा, मुरूम किती फुटांवर लागला ते तिथल्या मिस्तरीला विचारायचं. काळी खोल असेल तर पायाचा खर्च वाढणार आणि तो प्लॉटच्या किमतीतच धरायचा. आमच्या ओळखीत एकानं एका बिल्डरकडून तयार घर घेतलं, बाहेरून देखणं, दुसऱ्या पावसाळ्यात बेडरूमचं दार लागेना. आता दर वर्षी भेगा भरणं चालू आहे.

कागदांचं थोडक्यात सांगते कारण त्यावर वकील मंडळी जास्त चांगलं बोलतील. जमीन एनए म्हणजे बिगरशेती असल्याचा कागद, मंजूर लेआउट, सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड, हे बघितल्याशिवाय रुपया देऊ नये. स्वस्त प्लॉट बरेचदा गुंठेवारीचे असतात, म्हणजे शेतजमिनीचे मंजुरीशिवाय पाडलेले तुकडे, तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, गुंठेवारी नियमित करायचा कायदा २००१ चा, पण नियमित होईपर्यंत बँक लोन देत नाही आणि नंतर विकायला गेलं की गिऱ्हाईक भाव पाडतं. गावठाणातल्या घरांना तर पिढ्यानपिढ्या मालकीचा धड कागदच नव्हता, २०२० मध्ये स्वामित्व योजनेत ड्रोननं मोजणी सुरू झाली तेव्हापासून कुठं मालकीची सनद मिळायला लागली. आणि तयार घर किंवा फ्लॅट घेत असाल तर बाईच्या नावावर घ्या, महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पैशापेक्षाही घरावर बाईचं नाव असणं ही गोष्ट मला मोठी वाटते. जी दिवसभर त्या भिंतींमध्ये असते तिचं नाव कागदावर का नसावं.

पैशाचं बोलू. बांधकामाचा दर आमच्याकडे सांगताना ठेकेदार स्क्वेअर फुटाला दोन हजाराच्या आसपासचा आकडा सांगतो, मटेरियलसकट, आणि सगळी बोलणी त्या आकड्यावर होतात. भाऊ, ह्यात शंभर कमी कर. तो करतो. कुठून करतो? भिंतीतून करतो. बाहेरची नऊ इंची भिंत चार इंची होते, छज्जा दीड फुटाचा एक फुटावर येतो, छताची उंची सहा इंच उतरते, गच्चीवरचं वॉटरप्रूफिंग पातळ होतं. यातलं काहीच वास्तुशांतीच्या दिवशी दिसत नाही. टाइल्स आणि रंग मात्र ठरलेलेच येतात.

मग त्या घरावर लोन असतं. २० लाखांचं लोन साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साडेसतरा हजारांच्या थोडा आत येतो आणि शेवटपर्यंत भरलं तर एकूण साधारण ४१ लाख ६५ हजार जातात. म्हणजे मुद्दलापेक्षा व्याज जास्त. हे सगळे लोक करतात, आम्हीही करतोय, त्याबद्दल तक्रार नाही. पण हप्त्याच्या जोडीला घर आणखी एक हप्ता लावतं आणि तो कुठल्याच बँकेच्या कागदावर लिहिलेला नसतो. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो, रात्री आठ तास चालवला तर महिन्याला तीनशेच्या वर युनिट एकट्या एसीचेच होतात, आणि महावितरणचा दर १०० च्या वर आणि परत ३०० च्या वर टप्प्यानं चढतो, म्हणजे शेवटचे युनिट सगळ्यात महाग. शिवाय टँकर, कूलरच्या जाळ्या, इन्व्हर्टरची बॅटरी जी इथल्या उन्हात लवकर मरते. वीस वर्षं हे सगळं भरायचं. त्यापेक्षा पश्चिमेची भिंत जाड करणं स्वस्त आहे.

पश्चिमेचंच सांगते आधी. आपण २१ अक्षांशावर आहोत. मेच्या शेवटच्या आठवड्यात जळगावला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, शाळेत आम्ही मुलांना तो शून्य सावलीचा दिवस दाखवतो. म्हणजे उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला फारसं ऊन लागतच नाही, तिथं साधा छज्जा पुरतो. सगळा मार असतो छतावर आणि मग दुपारनंतर पश्चिमेवर, तिथं सूर्य तिरपा येतो, छज्ज्याखालून आत घुसतो. आता वास्तूप्रमाणे मोठी बेडरूम नैऋत्येला घ्यायची असते. मी श्रद्धेवर बोलणार नाही, घरोघरी ते पाळतात आणि माझ्या सासूबाईसुद्धा पाळतात. पण नैऋत्येची खोली खान्देशात घरातली सगळ्यात तापणारी खोली असते हे मात्र खरंय. आम्ही मधला मार्ग काढला. बेडरूम दक्षिणेकडे सरकवून नैऋत्येतच ठेवली आणि तिच्या पश्चिमेला जिना आणि बाथरूम आणून लावलं, म्हणजे ऊन त्यांच्यावर पडतं आणि बेडरूमच्या भिंतीला थेट लागत नाही. सासूबाईंनी नकाशा स्वतः बघून हो म्हटलं. बाहेरची भिंत दीपनगरच्या वीज केंद्रातल्या राखेच्या विटांची, नऊ इंची, तिथं मिस्तरी म्हणालाच, "ताई, चार इंची चालून जाईल, सगळे तेच करतात." त्याला मी म्हटलं, मग सगळे एप्रिलमध्ये रात्रभर जागेसुद्धा असतात.

आधी आम्ही भाड्यानं राहत होतो तिथं किचन पश्चिमेला होतं, सिंकच्या वर मोठी स्लाइडिंग खिडकी, उजेड भरपूर. संध्याकाळचा स्वयंपाक चारपासून सातपर्यंत, तीन तास पाठीमागे गॅस आणि तोंडावर ऊन. पोळ्या लाटताना हात घामानं घसरायचा. मला एकदा भोवळ आली तेव्हा डॉक्टरांनी मीठ-साखर पाणी दिलं आणि किचन कुठल्या दिशेला आहे ते विचारलं, डॉक्टरीण भुसावळच्या होत्या. त्या घराचं भाडं आजूबाजूच्या घरांपेक्षा जास्त होतं, किचन मॉड्युलर आहे म्हणून.

छताचा प्रश्न मात्र मला अजूनही छळतो. स्लॅब थंड ठेवायचे उपाय सगळ्यांना माहीत आहेत. चुना मारा, तो सगळ्यात स्वस्त, दर फाल्गुनात दोन हात, ऊन परत फेकतो. अहमदाबादेत २०१० ला उन्हानं फार माणसं गेली, त्यानंतर २०१३ मध्ये तिथं उष्णतेसाठी शहराचा आराखडा तयार झाला, पुढं त्यातच गरीब वस्त्यांची छतं पांढरी करायचं काम धरलं गेलं, खोलीच्या तापमानात दोन-चार अंशांचा फरक पडतो. पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक केला तर गळतीलाही चांगला. सोलर लावला तर पॅनलची सावली मिळते ती वेगळीच, पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे आणि आपल्याइतकं ऊन कुणाकडे. आणि जळगावात आता जो तो करतोय तो उपाय म्हणजे गच्चीवर पत्र्याचं शेड. स्लॅबवर सावली पडते, मधून वारा जातो, खालची खोली नक्कीच निवते, गळती बंद होते, पापड-कुरडया-बिबड्यांचं सामान ठेवायला जागा होते.

पण शेड टाकलं की गच्ची गेली. आणि आपल्याला निसर्गानं फुकट दिलेला जो एकच थंडावा आहे तो रात्रीच्या उघड्या आभाळाखालीच मिळतो, कोरड्या हवेत जमीन पटकन निवते म्हणून. लहानपणी संध्याकाळी सहाला आम्हा बहिणींचं काम ठरलेलं, गच्चीवर बादल्या नेऊन पाणी शिंपडायचं, पहिल्या तांब्याला वाफ निघायची, मग गाद्या, माठ, रेडिओ. पूर्ण गल्ली वर असायची, या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा. पहाटे चारला अंगावर चादर ओढावी लागायची, मे महिन्यात. आज आमच्या कॉलनीत गच्चीवर झोपणारी घरं बोटांवर मोजता येतील. डास हे एक कारण, पण खरं कारण वेगळं आहे, आजूबाजूला तीन-चार मजली इमारती झाल्या, वरून सगळं दिसतं, मग पोरीबाळींना, सुनांना वर झोपायला संकोच वाटतो. पुरुष अजूनही जातात वर. बायका खाली तापल्या खोलीत. गच्चीचा कठडा साडेतीन फुटांचा असतो, तो एका बाजूला सहा फूट जाळीच्या विटांचा केला, म्हणजे वारा येईल आणि आड होईल, तर काय खर्च येतो? एलेव्हेशनच्या काचेपेक्षा कमी. आम्ही तो केला आणि अर्ध्याच गच्चीवर शेड टाकलं, बेडरूमच्या वर. उरलेल्या अर्ध्यावर मी आणि माझी मुलगी झोपतो, सप्तर्षी ओळखायला ती तिथंच शिकली.

कूलरचं एक कुणी बोलत नाही. डेझर्ट कूलर आपल्या हवेत एसीपेक्षा परवडतो, हवा जितकी कोरडी तितका तो गार, म्हणून एप्रिल-मेमध्ये झकास चालतो आणि जूनमध्ये आभाळ आलं की नुसती चिकचिक. पण तो पाणी पितो. मोठा कूलर दिवसभर चालला तर पन्नास-साठ लिटर सहज जातं, आणि ज्या महिन्यात तो लागतो त्याच महिन्यात नळ चार-चार दिवसांनी येतो, बोअर खाली जातं, टँकर महागतो. दोन कूलर असलेल्या घरात पिण्याच्या पाण्यापेक्षा कूलरचं पाणी जास्त होतं. म्हणून पाणी आणि गारवा हे दोन वेगळे खर्च धरूच नयेत असं मला वाटतं. भिंत आणि छत नीट असेल तर कूलर कमी तास लागतो, कूलर कमी लागला तर टाकी पुरते.

टाकीचं भाच्यानं सांगितलेलं मला फार पटलं. थरच्या वाळवंटात जुन्या घराच्या अंगणात नाहीतर शेतात टांका असतो, जमिनीखालची चुन्यानं लिंपलेली टाकी, आजूबाजूची जमीन उताराची आणि स्वच्छ ठेवलेली, पडलेला थेंब न् थेंब त्यात. आता आपला हिशोब बघा. हजार स्क्वेअर फुटांची गच्ची, सातशे मिलिमीटर पाऊस, म्हणजे वर्षाला ६५ हजार लिटर पाणी त्या गच्चीवर पडतं. वाया जाणारं सोडलं तरी पन्नास हजार लिटर हाताशी येतं. टँकर साधारण पाच हजार लिटरचा धरला तर दहा टँकर आभाळातून घरावर येऊन पडतात आणि आपण पाइप लावून ते रस्त्यावर सोडतो, आणि दहा महिन्यांनी तेच टँकर विकत घेतो. सगळं साठवायला टाकी परवडणार नाही, पण गाळणी करून बोअरशेजारच्या खड्ड्यात सोडता येतं. हे काही नवीन ज्ञान नाही. जुन्या खान्देशची राजधानी बऱ्हाणपूर, तिथं १६१५ च्या सुमाराला अब्दुर रहीम खानखानानच्या काळात सातपुड्याच्या पायथ्याचं झिरपणारं पाणी भुयारांतून आणि शंभरावर कुंड्यांतून शहरात आणलं, तो कुंडी भंडारा आजही वाहतो. धुळ्याच्या पांझरेवर फडाची पद्धत होती, बंधाऱ्याचं पाणी सगळा गाव नियमानं वाटून घ्यायचा. शिरपूर तालुक्यात २००४ पासून भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी मुरवलं आणि कोरड्या विहिरी भरल्या. नाल्यासाठी जे केलं ते एका गच्चीसाठी करायला किती सोपं आहे.

बांधकामालासुद्धा पाणी लागतं हे लोक विसरतात. शुभ मुहूर्त मार्च-एप्रिलचा निघाला की ऐन उन्हात स्लॅब पडतो. कोरड्या तापलेल्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस ओलं ठेवायला पाहिजे असं आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात लिहिलेलंच आहे, स्लॅबवर आळी करून पाणी भरायचं, कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजवायचं. पाणी नसलं की मिस्तरी सकाळ-संध्याकाळ नळीनं शिंपडून जातो, दुपारपर्यंत सगळं वाळलेलं, केसासारख्या भेगा पडतात आणि त्यातून पुढं वीस वर्षं ओल येत राहते.

आणि हे सगळं लिहिताना मला शाळेतल्या मुलांची घरं दिसत राहतात, कारण नऊ इंची भिंत आणि चायना मोझॅक हे ज्यांच्याकडे निवड आहे त्यांचं बोलणं झालं. माझ्या वर्गातली निम्मी मुलं पत्र्याच्या घरात राहतात. घरकुल योजनेत ग्रामीण भागात सपाटीवर मूळ अनुदान १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार, आणि घर किमान २५ चौरस मीटरचं. त्या पैशात चार इंची भिंत आणि पत्रा, किंवा कर्ज काढून स्लॅब. पक्कं घर मिळणं ही मोठी गोष्ट आहे, साप-विंचवाची भीती जाते, पावसात रात्र जागावी लागत नाही, मी ते कमी लेखणार नाही. पण सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे जी कुडाची घरं आहेत, बांबूच्या भिंती, सागाचे खांब, वर कौलं, त्यातून वारा आरपार जातो, आणि तीच माणसं घरकुलाच्या खोलीत दुपारी बसू शकत नाहीत म्हणून खोलीत धान्य ठेवतात आणि स्वतः शेजारी मांडव घालून राहतात. सरकारनं प्रत्येक घरकुलाबरोबर पांढऱ्या रंगाचा एक डबा आणि पत्र्याखाली लावायला बांबूच्या तट्ट्या दिल्या तरी मे महिन्यात त्या घरातलं लेकरू दुपारी झोपेल. एवढा खर्च नक्की करता येण्यासारखा आहे आणि तो व्हायलाच पाहिजे.

माझ्या नणंदेनं यंदा चोपड्याला प्लॉट घेतलाय. नकाशा तिसऱ्यांदा बदलून आला. जिना पश्चिमेला गेला, किचन पूर्वेला आलं, हॉल मात्र मोठा ठेवलाय कारण श्रावणात कानबाई देवी बसते आणि भाऊबंद सगळे येतात. समोरच्या काचेचे पैसे वाचले ते गच्चीच्या जाळीला आणि पाणी मुरवायच्या खड्ड्याला लावायचं ठरलंय. पाया दसऱ्यानंतर, स्लॅब जानेवारीत, म्हणजे स्लॅब ओला ठेवायला पाणी पुरेल. तिच्या सासऱ्यांना पूर्ण गच्चीवर शेड पाहिजे आणि तिला अर्धी उघडी, त्यावर घरात बोलणी चालू आहेत, मी तिला म्हटलंय की मेमध्ये सासऱ्यांना आमच्याकडे चार दिवस राहायला पाठव, एक रात्र खाली झोपू दे आणि एक रात्र वर.